भवानीचं गिऱ्हाईक

आप्पा, मी सध्या काय काम करते हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं. तुम्ही गेलात तेव्हा मी बँकेच्या परीक्षांचे क्लास करत होते आणि तुम्ही तुमच्या त्या दुकानांच्या लाईनवर भेटेल त्याला सांगत होता की आमची पोरगी कॅशियर होणार. कॅशियर काही झाले नाही. आता मी घरी बसून क्रेडिट कार्डांवर लेख लिहिते. कार्ड म्हणजे आज उधारीवर घ्यायचं आणि महिन्याने ठरलेल्या तारखेला फेडायचं. तारीख पाळली तर व्याज नाही, चुकली तर असं व्याज की सावकारानेही कानाला हात लावावा. कोणतं कार्ड घ्यावं, कोणत्या कार्डावर पेट्रोल स्वस्त पडतं, अर्ज नाकारला तर काय करावं, असल्या विषयांवर मुंबईच्या एका कंपनीच्या वेबसाइटसाठी मी लिहून देते. शब्दामागे दर ठरलेला आहे. नोकरी नसल्यामुळे रजा नाही, फंड नाही, आणि डोक्यावर साहेबही नाही, असं मी सुरुवातीला मोठ्या ऐटीत सांगायचे. विमानतळावर कार्ड दाखवलं की आत गारव्यात बसवून फुकट जेवायला घालतात. त्या खोल्यांची तुलना मी इतक्या वेळा केली आहे की कुठल्या शहरात इडली बरी मिळते तेही मला पाठ आहे. आता आपल्या होटगी रोडवरूनही विमानं उडतात, स्वयंपाकघरात आवाज येतो. मी अजून एकाही विमानात चढलेले नाही.

पहिल्या पहिल्यांदा मी फार जीव ओतून लिहायचे. कार्डाचं बिल कसं वाचावं, 'कमीत कमी एवढे भरा' असं जे बिलावर ठळक छापलेलं असतं त्याला का भुलू नये, यावर मी एक लेख लिहिला होता. तो कुणी वाचला नाही, आणि ज्यांनी वाचला त्यांनी कार्ड घेतलं नाही. कंपनीला पैसे मिळतात ते वाचणाऱ्याने लेखातली लिंक दाबून कार्ड घेतलं तर. बँक कंपनीला कमिशन देते, कंपनी त्यातला तुकडा शब्दांच्या पैशांवर मला. म्हणजे फिरून फिरून मीही कमिशन एजंटच झाले बघा. तुम्ही लोकांना पैसे आत टाकायला लावायचात, मी बाहेर काढायला लावते. 'यंदाची पाच सर्वोत्तम कार्डं' असा एक लेख दर वर्षी असतो. त्यात पहिल्या नंबरवर कोणतं कार्ड घालायचं हे मला आधी कळवलं जातं, आणि ते पहिलं का, हे मी मागाहून शोधते. आणि मला ते सापडतं, आप्पा. दर वेळी सापडतं. तीच माझी हुशारी, त्याचेच मला पैसे मिळतात.

सोडायचा विचार मी दर दिवाळीला करते आणि दर पाडव्याला तो गुंडाळून ठेवते. तुमच्या जावयांचा टॉवेलचा कारखाना आता आठवड्यातले चारच दिवस चालतो. विजापूर रोडच्या या फ्लॅटचा हप्ता आहे, लेक पुण्याला हॉस्टेलवर आहे. दुसरीकडे काम मागायला जावं तर दाखवायचं काय? इतक्या वर्षांत लिहिलेल्या एकाही लेखाखाली माझं नाव नाही. ओट्याला लागून एक टेबल आहे, तिथे भिंतीकडे तोंड करून बसते, कारण नेटची रेंज तेवढ्याच कोपऱ्यात नीट येते. उन्हाळ्यात त्या भिंतीला हात लावता येत नाही. एका बाजूला कुकर, एका बाजूला लॅपटॉप, आणि दोन्हींच्या शिट्ट्या होईपर्यंत जागचं हलायचं नाही. कधी कधी दुपारी मी उठते आणि उगाच दाराची कडी बघून येते. कडी उघडीच असते. मी परत येऊन बसते.

गेल्या वर्षापासून इंग्रजी लेख मशीन लिहायला लागलं. चेष्टा नाही करत, खरंच लिहितं, आणि माझ्यापेक्षा बरं लिहितं. माझं काम अर्ध्यावर आलं. मग कंपनीतल्या संपादक मुलीचा फोन आला. माझ्या लेकीपेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठी असेल, मला मॅम म्हणते. तिचं म्हणणं, आता आपल्याला मराठीत उतरायचंय, छोट्या शहरांतल्या छोट्या दुकानदारांपर्यंत जायचंय. त्या लोकांकडे पगाराची पावती नसते, म्हणून त्यांच्यासाठी एका बँकेने ठेवीवरचं कार्ड काढलं होतं. माणसाने बँकेत मुदत ठेव ठेवायची, त्या ठेवीच्या जोरावर बँक कार्ड देणार, बिल थकलं की ठेवीतून कापून घेणार. बँकेच्या जिवाला घोर नाही. 'मॅम, मशीनचं मराठी एकदम सरकारी येतं,' ती म्हणाली. 'आम्हाला ट्रस्ट पाहिजे. वाचणाऱ्याला वाटलं पाहिजे की हे आपलंच माणूस बोलतंय.' पहिला लेख द्यायचा, महिनाभर बघायचं. त्या महिन्यात माझ्या लिंकवरून एकही कार्ड गेलं नाही तर मराठीचं काम बंद, आणि इंग्रजीचं तर संपलंच होतं.

आपलं माणूस म्हटल्यावर मला दुसरं कोण आठवणार?

मधल्या मारुतीपासून कन्ना चौकापर्यंत तुमची लाईन. खांद्याला रेक्झिनची बॅग, बुडाखाली लूना. रोज दुकानादुकानातून पाच-दहा रुपये गोळा करायचे, संध्याकाळी पतसंस्थेत भरायचे, त्यावर टक्क्यांत कमिशन, हा तुमचा पिग्मीचा धंदा. बाकीचे एजंट सरळ दुकानात शिरायचे. तुम्ही शिरत नव्हता. दुकानदाराची भवानी, म्हणजे दिवसाची पहिली विक्री, झाल्याशिवाय त्याला गल्ल्यातून पैसा काढायला लावायचा नाही, असा तुमचा नेम. भवानीचा पैसा दुकानदार आधी कपाळाला लावतो, मग गल्ल्यात टाकतो, आणि त्यानंतरच त्याचा हात सुटतो. त्याआधी भिकाऱ्यालाही 'पुढं जा' म्हणतात. तुम्ही रस्त्याच्या पलीकडे थांबून हाक द्यायचात, 'भवानी झाली का?' आतून हो आलं तरच पाय उंबऱ्याला. नाही आलं तर तिथेच उन्हात लूनाला टेकून उभे. आणि फारच वेळ झाला, गिऱ्हाईक फिरकेचना, तर तुम्ही स्वतः काहीतरी विकत घेऊन त्याची भवानी करून द्यायचात. पाच रुपयांच्या पिग्मीपायी दोन रुपयांचा माल. आपल्या घरात सुयांची पाकिटं, कंगवे, नाड्या आणि भांडी घासायच्या काथ्या यांना तोटा नव्हता. आई डबे उघडून दाखवायची. 'ह्या घरात नाड्याच नाड्या हायती बगा, आन् च्याला साखर न्हाय.' तुम्ही म्हणायचात, 'नाडी लागतीच की कवा ना कवा.'

सगळ्यात जास्त घरात असायची कडक भाकरी, कारण कुंभार वेशीच्या तोंडाशी बसणाऱ्या भाकरीवाल्या मावशींच्या दुकानाला सकाळी गिऱ्हाईक कमी. त्या मूळच्या अक्कलकोटकडच्या, घरात कानडी बोलायच्या, आणि ज्वारीच्या भाकऱ्या अशा वाळवायच्या की महिनाभर डब्यात राहिल्या तरी मोडताना आवाज व्हायचा. एका मे महिन्याच्या सुट्टीत मी तुमच्यामागे लूनावर बसून आले आहे. तुम्ही पलीकडे उभे, मला तहान लागलेली, आणि मावशी अजून मान हलवून नाहीच म्हणताहेत. मी धावत रस्ता ओलांडते आणि ओरडते, 'मावशी, पैसे द्या की लवकर!' तुम्ही मागून येता आणि चारचौघांत माझं बकोट धरता. 'आपुन मागायचं न्हाय,' तुम्ही म्हणता. 'आपुन इचारायचं.' मावशी हसतात. 'आसू द्या की ओ, लेकरू हाय.' तुम्ही हसत नाही. खिशातून पैसे काढून भाकरी घेता, मावशी तो पैसा कपाळाला लावतात, गल्ल्यात टाकतात, आणि लगेच गल्ल्यातून काढून तुमच्या हातावर पिग्मी ठेवतात. मला वाटतं तोच पैसा असावा. मला तेव्हा हा शुद्ध वेडेपणा वाटला, आणि हिशोबाने बघितलं तर अजूनही तसाच वाटतो. पण रडत रडत पाणी मी मावशींच्याच माठातलं प्यायले.

मग मी अकरावीत असताना पतसंस्थेचं शटर अर्ध्यावर आलं. वर कुणी काय खाल्लं ते आपल्याला कधीच नीट कळलं नाही. काउंटरवर एकच उत्तर, पुढच्या सोमवारी या. बाकीचे एजंट गायब झाले, एक तर नातेपुत्याला बहिणीकडे जाऊन बसला. तुम्ही मात्र रोजच्या वेळेला बॅग खांद्याला लावून निघायचात. बॅगेत काही नाही, आणायचं काही नाही, द्यायचं तर त्याहून नाही. आई दारात आडवी उभी राहिली होती. 'कशाला जाताय? शिव्या खायाला?' तुम्ही चपला घालता घालता म्हणालात, 'व्हय. शिव्याच खायाला. घरात बसलो तर पळाला म्हनतील.' आणि प्रत्येक दुकानासमोर उभं राहून तुम्ही तेच विचारत होता, भवानी झाली का. एका कापडवाल्याने बॅग ओढून रस्त्यात फेकली. तुम्ही ती झटकून पुन्हा खांद्याला लावली आणि पुढच्या दुकानासमोर जाऊन उभे राहिलात. मला तुमचा फार राग यायचा, आप्पा. खाणारे गाडीतून फिरत होते आणि तुम्ही त्यांच्या वाटणीच्या शिव्या गोळा करत होता, त्यावर कमिशनही नव्हतं. मोठं होऊन काहीही करीन, पण तुमच्यासारखं एका लाईनीला बांधून घेणार नाही, असं मी ठरवलं होतं. लोकांचे पैसे शेवटी आले, व्याजाविना, तुकड्यातुकड्याने. तुम्ही दारोदार जाऊन निरोप दिलेत. त्यानंतर तुम्ही फार दिवस राहिला नाहीत.

तर मराठी लेख मी तुमच्या हाकेने सुरू केला. 'भवानी झाली का? रस्त्याच्या पलीकडून रोज एक माणूस विचारायचा,' असं पहिलं वाक्य. पुढे तुमची लूना, तुमचं उन्हात उभं राहणं, दहा दहा रुपयांनी साठलेला विश्वास, आणि मग अलगद वळण घेऊन वाचणाऱ्याला सांगितलं, 'तीच तुमची साठवलेली ठेव आता तुमची पत होऊ शकते', वगैरे. ते वळण मी इतकं सफाईने घेतलं की मलाच कौतुक वाटलं. संपादक मुलीचा लगेच फोन. 'मॅम, अंगावर काटा आला. हेडिंगच करूया, भवानी झाली का?' त्या तीन शब्दांचेही शब्दामागे जेवढे व्हायचे तेवढे पैसे मला मिळाले. शिवाय, ट्रस्टसाठी या वेळी नाव आणि फोटो पाहिजे होता. इतकी वर्षं ज्या नावासाठी मी मनात कुढत होते ते नाव आता ते स्वतःहून मागत होते. फोटो काढताना मागे सोलापुरी चादर लावता येईल का, असंही तिने विचारलं. मी लावली. पडद्याच्या दांडीवर चादर टाकून, पदर नीट करून, मी तुमच्या जावयांकडून फोटो काढून घेतला. मग लेख निघाला आणि आम्ही वाट बघत बसलो. कार्डं किती गेली ते दाखवणारं एक पान असतं, ते मी स्वयंपाक करताना उघडं ठेवायचे. त्यावर रोज शून्य.

गेल्या रविवारी सकाळी दाराची बेल वाजली. दारात भाकरीवाल्या मावशी. तुमच्या तेराव्यानंतर त्या घरी कधी आल्या नव्हत्या. कमरेत वाकल्या आहेत, पण आवाज तोच. एका हातात भाकऱ्यांचं गाठोडं, दुसऱ्या हातात कापडी पिशवीत गुंडाळलेला मोबाइल. जिने चढून धाप लागली होती, खुर्चीत बसून आधी त्या मोबाइललाच कानडीत चार शब्द ऐकवून झाले, कारण तो रिक्षात मधेच बोलायला लागला होता म्हणे.

'लई चांगलं लिवलंस गं बाई,' त्या म्हणाल्या. 'नातवानं वाचून दावलं. भवानी झाली का आसं त्यो म्हनला, आन् मला रडूच आलं की. तुजा बाप पलीकडं हुबा हाय आसं वाटलं. मंग तुजा फोटू बगितला. म्हनलं ही तर आपलीच पोरगी.'

मी त्यांना पाणी दिलं. त्यांनी मोबाइल पिशवीतून काढला आणि माझ्यापुढे धरला.

'तर मला त्ये कारड घ्यायचंय. नातू म्हनला हितं दाब. म्या म्हनलं न्हाय, तिच्याच हातनं करायचं.'

'मावशी, त्याला ठेव लागते बँकेत.'

'हाय की ठेव. तुज्या बापाची.' आणि माझा चेहरा बघून त्यांनी समजावून सांगितलं, 'तीच गं. पिग्मीची. ती पतसंस्था बुडता बुडता ऱ्हायली, पैसं आलं, तवापास्नं तशीच ठिवली बँकेत. लेकीच्या बाळंतपणाला बी हात लावला न्हाय. आता ती मोडून ह्या कारडाच्या बँकेत टाकायची, आसंच लिवलंयस न्हवं तू?'

असंच लिहिलं होतं मी.

'मावशी, नका घेऊ,' मी म्हणाले. मग मी त्यांना सगळं सांगितलं. नातू वस्तू घेईल, बिल तुमच्या नावावर येईल, एक तारीख चुकली की व्याज कसं चढतं, आणि थकलं की बँक विचारायलाही न येता तुमच्या ठेवीतून कसं कापून घेते. लेखात हे सगळं आहे. शेवटून दुसऱ्या परिच्छेदात आहे, आणि ते वाचता वाचता माणूस पुढे सरकावा अशा बेताने मीच ते लिहिलेलं आहे. ते मी मोठ्याने, आपल्या भाषेत सांगितलं.

मावशींनी शांतपणे ऐकून घेतलं. 'मंग लिवलंस कशाला?'

रागाने नाही विचारलं. मेथीच्या जुडीचा भाव विचारावा तसं विचारलं. मी चहा ठेवते म्हणाले आणि ओट्याकडे वळले. माझ्या स्वयंपाकघरात ओटा आणि ते टेबल सोडून तोंड फिरवायला तिसरी जागा नाही.

पाण्याला उकळी आली. मग मावशी माझ्या पाठीमागून म्हणाल्या, 'तुला कायतरी मिळत आसंल की ह्यातनं. कुनी कारड घेतलं तर.'

'मिळतं थोडं.'

'मंग. म्या काय येडी हाय व्हय? मला कशाला पायजे कारड ह्या वयात? भाकरी थापायचं मशीन घेऊ म्हनतो नातू, माजे खांदे दुकत्यात म्हनून. त्ये काय आज घेतलं न्हाय तरी चालतंय. म्या म्हनलं, पोरीला चार पैसं मिळत्याल.' त्यांनी गाठोडं मांडीवर घेतलं. 'तुज्या बापाला बी मिळायचं. आमाला काय ठावं नव्हतं? बँक काय लांब हुती का, चार पावलांवर हुती. आमी आमचं जाऊन टाकलं आसतं. पर त्यो मानूस उनात हुबा ऱ्हायचा. सगळी लाईन म्हनायची, मिळू द्या त्येला.'

आप्पा, हे तुम्हाला माहीत होतं का? मला खरंच विचारायचंय. मी इतकी वर्षं समजत होते की तुम्ही लाईन सांभाळत होता, खिशातले पैसे मोडून तुम्ही त्या लोकांची भवानी करून देत होता. आणि ते सगळे मिळून रोज तुमची करून देत होते. पतसंस्था बंद पडल्यावर तुम्ही रिकामी बॅग घेऊन गेलात, तेव्हा मावशी भाकरी बांधून द्यायच्या, ती मला दया वाटायची आणि मी ती खायची नाही. माझ्या फ्लॅटचा ओटा धरून मी उभी होते. मला तुमची इतकी आठवण कधी आली नव्हती.

मावशींचं लक्ष लॅपटॉपकडे गेलं. पान उघडंच होतं. त्यांना वाचता येत नाही, पण शून्य कळतं.

'तुजी भवानी झाली का गं? ह्या कारडाची?'

मी चहा गाळायला घेतला, पण त्यांना कळलं असावं.

'मंग माज्या हातनं हू दे,' त्या म्हणाल्या आणि मोबाइल पुन्हा पुढे केला. 'तुज्या बापानं माजी किती डाव केली. एक डाव मी तुजी करते.'

तुम्हाला तर सांगायला नकोच की भवानीचं गिऱ्हाईक माघारी लावत नाहीत. तोटा सोसावा, उधार द्यावं, पण त्याला रिकाम्या हाताने पाठवू नये. तुम्ही एकदा एका बोहारणीशी त्यावरून भांडला होतात. आणि हे गिऱ्हाईक तर माझ्यासाठी आलं होतं, जिने चढून, माझं भलं करायला. महिना संपत आला होता. लिंक दाबायची, चार रकाने भरायचे, मोबाइलवर आलेला आकडा टाकायचा, दहा मिनिटांचं काम. मराठीचं काम टिकलं असतं, हॉस्टेलचे पैसे गेले असते, आणि मावशी खूश होऊन घरी गेल्या असत्या. मी त्यांच्या हातातून मोबाइल घेतला सुद्धा. तो त्यांच्या तळहाताने गरम झालेला होता.

'झाली मावशी,' मी म्हणाले. 'सकाळीच झाली. बार्शीच्या एका बाईच्या हातनं झाली. हे पान जुनं आहे, आकडा उद्या बदलतो.'

बार्शी कुठून आलं तोंडात कुणास ठाऊक. मावशींनी माझ्याकडे बघितलं, नजर चुकवायची नाही हे तुम्ही लाईनवर शिकवलेलं, मी डोळे खाली घातले नाहीत.

'झाली?'

'व्हय.'

'मंग बरं झालं बाई,' त्या म्हणाल्या आणि माझ्या हातातला मोबाइल घेऊन पिशवीत गुंडाळायला लागल्या. एकदम मोकळ्या झाल्या. बशीत ओतून चहा प्यायल्या, वर म्हणाल्या, 'खरं सांगू का, माजा बी जीव हुत न्हवता ती ठेव मोडायला.' गाठोडं सोडून भाकऱ्या ओट्यावर ठेवल्या. मी पैसे द्यायला लागले तर आधी नको म्हणाल्या, मग काय वाटलं, घेतले. 'अजून दुकान उगडलं न्हाय. हीच आजची.' नोट कपाळाला लावली आणि कनवटीला खोचली. मी त्यांना रिक्षात बसवून आले.

संपादक मुलीचा निरोप पडून आहे. वडिलांचे अजून असे शब्द असतील तर द्या, सीरीज करू, म्हणते. 'मागायचं न्हाय, इचारायचं' हे वाक्य मी अजून दिलेलं नाही. देणार नाही असं तुम्हाला वचन देत नाही, कारण पुढच्या महिन्याचं मला माहीत नाही. हे सगळं मी त्याच टेबलावर, त्याच भिंतीकडे तोंड करून लिहिते आहे. वरच्या फाइलचं नाव 'ठेवीवरचं कार्ड, भाग दोन' आहे, आणि तुम्हाला हे लिहिते आहे त्या फाइलला मी अजून नाव दिलेलं नाही आणि ही कुठे पाठवायचीही नाही.

एक राहिलं. मंगळवारी दुपारी डाळीला फोडणी घालत होते तेव्हा त्या पानावर शून्याचा एक झाला. कुणाचं कार्ड, कुठल्या गावचं, कुठल्या दुकानाचं, ते दिसत नाही. कुणाची तरी ठेव असणार, आणि ती कशी साठली होती हे सांगायला त्या माणसाला माझ्यापर्यंत जिने चढून येता आलं नाही. मी गॅस बारीक केला. त्या आकड्याला बोट लावलं, आणि ते बोट कपाळाला गेलं. लाज वाटली, पण ती मागाहून. आधी मला आनंद झाला होता, आप्पा. तेवढं तुम्हाला सांगायला लागू नये म्हणून बाकीचं इतकं लिहीत बसले.